चालू सर्किटमधील कंडेन्सरची धारिता कशी मोजावी

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याच्या पॅनेलसमोर, वडगावच्या यंत्रमागाजवळ किंवा चिकोडीकडच्या उसाच्या मळ्यातील बोअरवेलच्या पेटीपाशी उभे राहिले, की मालकाचा प्रश्न बहुधा एकच असतो : कंडेन्सर गेला आहे का, आणि तो न काढता ते सांगता येईल का? पाठ्यपुस्तकात या वस्तूला धारित्र म्हणतात, दुकानाच्या बिलावर कपॅसिटर लिहिलेले असते आणि आपल्या भागातील जुने वायरमन, मराठी असोत की कन्नड, आजही कंडेन्सरच म्हणतात. येथेही मी तोच शब्द वापरणार आहे. त्याची धारिता म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता; ती मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे; मात्र मीटरचे दोन प्रोब टेकवून आकडा वाचला की काम झाले, असे ते नाही.

याचे कारण साधे आहे. सुटा कंडेन्सर मीटरला लावला, की मीटर फक्त त्यालाच मोजतो. तोच कंडेन्सर बोर्डावर जोडलेला असताना मीटर त्या दोन टोकांमध्ये जे जे आहे ते सगळे एकत्र मोजतो : समांतर जोडलेले दुसरे कंडेन्सर, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे, डायोड आणि बोर्डावर साचलेला ओलावासुद्धा. त्यामुळे मोजणी सुरू करण्यापूर्वी ‘या दोन टोकांमध्ये आणखी काय आहे?’ हा प्रश्न सर्किटचा नकाशा पाहून, आणि नकाशा नसेल तर बोर्डाचे ट्रॅक डोळ्यांनी चाळून, आधी सोडवावा लागतो. हे पाच मिनिटांचे काम टाळणाऱ्याला पुढे तासभर चुकीचे आकडे पुरतात.

‘सर्किटमध्ये असताना’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. पहिल्यात वीज बंद असते आणि कंडेन्सर फक्त सोल्डर केलेला असतो. दुसऱ्यात वीज चालू असते आणि सर्किट आपले काम करत असते. पहिल्या स्थितीत मीटर स्वतःचा छोटा प्रवाह पाठवून मोजतो. दुसऱ्या स्थितीत मीटरचे धारितेचे बटण वापरायचेच नसते. सर्किटमधून वाहणारा प्रवाह आणि कंडेन्सरवरचा दाब (व्होल्टेज) मोजून धारिता गणिताने काढायची असते. माझ्या मते दुसरी पद्धत जिथे शक्य असेल तिथे अधिक खरी असते, कारण तिच्यात कंडेन्सर प्रत्यक्ष कामाच्या दाबाखाली आणि कामाच्या उष्णतेत तपासला जातो.

वीज बंद करून मोजणे

सर्वप्रथम कंडेन्सर रिकामा करावा. २३० व्होल्टच्या पुरवठ्याला डायोडचा पूल लावला की मुख्य कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब चढतो. तो कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा असेल, तर त्यात सव्वापाच जूल इतकी ऊर्जा साठते. मीटर जाळायला आणि माणसाला जोरदार झटका द्यायला ती पुरेशी आहे. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे; तिने पट्टीला खड्डे पडतात, कंडेन्सरच्या आतील जोड कमकुवत होतात आणि डोळ्यांचाही धोका असतो. त्याऐवजी १० किलोओहमचा, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड प्रोबांना कायमचा जोडून ठेवावा. १०० मायक्रोफॅरडसाठी त्याचा कालांक (दाब सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) एक सेकंद येतो. म्हणजे पाच सेकंद धरल्यावर एक टक्क्याहूनही कमी दाब उरतो. नंतर डीसी व्होल्टवर तपासून शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय धारितेच्या बटणाला हात लावू नये.

बोर्ड स्वच्छ आणि कोरडा असला पाहिजे, ही सूचना आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. उद्यमबागेत फाउंड्रीजवळच्या यंत्रांच्या कार्डांवर बिडाची बारीक पूड बसलेली असते आणि ती वीज वाहून नेते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूचा पावसाळा तर असा असतो, की बंद पेटीतील बोर्डालाही ओल धरते. अशा बोर्डावर मीटर दाखवतो तो आकडा कंडेन्सरचा आणि ओलाव्यातून गळणाऱ्या प्रवाहाचा मिळून असतो. ब्रशने पूड झाडावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, कोमट हवेने वाळवावे आणि बोर्ड खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजावे.

आता प्रत्यक्ष आकड्याकडे वळू. समांतर जोडलेल्या कंडेन्सरांची धारिता बेरजेने वाढते. म्हणून ४७० मायक्रोफॅरडच्या मोठ्या कंडेन्सरशेजारी ‘१०४’ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, छोटा सिरॅमिक असेल, तर मोठ्याची मोजणी बिघडत नाही. छोट्याची मात्र कोणत्याही मीटरने होऊ शकत नाही. आयसीच्या पुरवठ्याच्या ट्रॅकवर असे दहा-वीस सिरॅमिक ओळीने बसवलेले असतात. त्यांतील एकाची धारिता जागेवर मोजण्याचा नाद सोडून द्यावा. तिथे एक पाय उचलण्याला पर्याय नाही.

समांतर रेझिस्टरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, पण अधिक मजेशीरही आहे. साधा मल्टिमीटर ठरावीक प्रवाह सोडून दाब किती वेगाने चढतो ते पाहतो. रेझिस्टर त्यातला काही प्रवाह पळवतो, दाब सावकाश चढतो आणि मीटरला कंडेन्सर प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो. एलसीआर मीटर, म्हणजे इंडक्टन्स, धारिता आणि रोध निवडलेल्या वारंवारतेवर मोजणारा मीटर, असेल तर मात्र यातून वाट काढता येते. समजा, १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला १ किलोओहमचा रेझिस्टर समांतर आहे आणि मीटर एकसर (सीरिज) पद्धतीवर ठेवला आहे. १०० हर्ट्झला तो सुमारे ३.५ मायक्रोफॅरड दाखवील. वारंवारता १ किलोहर्ट्झ केली, की तोच आकडा १.०२५ वर येईल आणि १० किलोहर्ट्झला जवळपास अचूक १ दिसेल. वारंवारता वाढली की कंडेन्सरचा रिॲक्टन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध, घटतो, रेझिस्टरच्या वाट्याला जाणारा प्रवाह तुलनेने नगण्य होतो आणि कंडेन्सर एकटा उरल्यासारखा मोजला जातो. मीटरवर समांतर पद्धत निवडली, तर १०० हर्ट्झलाही उत्तर बरोबर येते; मात्र रेझिस्टर फार लहान असेल तर मीटरची अचूकता ढासळते. यावरून एक उपयोगी सवय लावून घ्यावी : प्रत्येक कंडेन्सर किमान दोन वारंवारतांवर मोजावा. दोन्ही आकडे जुळले तर मीटर बहुधा कंडेन्सरच पाहतो आहे. ते फार वेगळे आले तर वाटेत आणखी कोणीतरी आहे. मोठ्या इलेक्ट्रोलिटिकला ही युक्ती लागू पडत नाही, कारण वरच्या वारंवारतेला त्याचा आतला रोध आणि पायांचे इंडक्टन्स आडवे येतात. त्याला १०० किंवा १२० हर्ट्झवरच मोजावे.

डायोड, ट्रान्झिस्टर आणि आयसी यांच्यासाठी मोजणीचा दाब कमी असावा लागतो. सिलिकॉनचा जोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो. म्हणून मोजणीचा दाब ०.३ व्होल्टच्या आत ठेवता येणारा मीटर बोर्डावरच्या कामाला चांगला. आपला मीटर किती दाब सोडतो हे माहीत नसेल, तर दुसऱ्या मीटरने ते सहज पाहता येते. ध्रुवता नसलेला कंडेन्सर असेल तर प्रोब उलटे लावूनही मोजावे. दोन्ही बाजूंनी आकडा वेगळा आला, तर एखादा जोड मध्ये वाहतो आहे असे समजावे.

या सर्वातून एक नियम निघतो, आणि तो मी दररोज वापरतो. जागेवर मोजलेला आकडा छापील आकड्यापेक्षा बराच कमी आला, तर कंडेन्सर दोषी धरावा. आकडा बरोबर किंवा जास्त आला, तर तो निर्दोष ठरत नाही, कारण शेजारच्यांनी भर घातलेली असू शकते. ‘बराच कमी’ म्हणजे किती, हे प्रकारावर ठरते. साध्या इलेक्ट्रोलिटिकची छापील सवलतच (टॉलरन्स) अधिक-उणे २० टक्के असते, तर ‘जे’ अक्षराच्या फिल्म कंडेन्सरची ५ टक्के. नियमाला अपवाद कॉइलचा. कॉइल समांतर असेल तर ती कंडेन्सरचा परिणाम खोडून काढते आणि आकडा घटतो. सुरुवातीच्या काळात मी एका कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर लावलेला स्नबर (ठिणगी शमवणारी कंडेन्सर-रेझिस्टरची जोडी) असाच जागेवर मोजला. १०० हर्ट्झला मीटरने चक्क वजा चिन्हाचा आकडा दाखवला आणि मी चांगला कंडेन्सर कापून कचऱ्यात टाकला. वजा आकडा हा कॉइल असल्याचाच पुरावा असतो. त्या वेळी १० किलोहर्ट्झवर गेलो असतो, तर खरी धारिता तिथल्या तिथे दिसली असती.

इलेक्ट्रोलिटिकच्या बाबतीत धारितेपेक्षा ईएसआर, म्हणजे कंडेन्सरच्या आतील एकसर रोध, आधी तपासावा. आतले द्रावण सुकत जाते तेव्हा रोध आधी वाढतो आणि धारिता मागाहून घटते. त्यामुळे १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मीटरवर ९०० दाखवत असूनही पुरवठा कोसळत असतो. ईएसआर मीटर साधारण १०० किलोहर्ट्झवर आणि फार कमी दाबावर मोजतो; म्हणून तो बोर्डावरच वापरता येतो आणि शेजारचे रेझिस्टर त्याला फारसे फसवत नाहीत. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा चांगला कंडेन्सर ओहमचा दशांश भाग किंवा त्याच्या आसपास दाखवतो; १० मायक्रोफॅरडच्या छोट्याला एक-दोन ओहम चालून जातात. दोन गोष्टींपासून मात्र सावध राहावे. आतून शॉर्ट झालेला कंडेन्सर ईएसआर मीटरवर उत्तम दिसतो, म्हणून ओहमवर एकदा पाहावेच. आणि दोन कंडेन्सर समांतर असतील, तर चांगला दुसऱ्याला पाठीशी घालतो.

चालू पंपावर टाँग टेस्टरने मोजणे

निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात सिंगल फेज बोअरवेल पंपांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या पेटीतील रन कंडेन्सर हा चालू स्थितीत मोजण्यासाठी सर्वांत सोयीचा. तो मोटर फिरत असेपर्यंत सतत सर्किटमध्ये असतो, त्यातून वाहणारा प्रवाह टाँग टेस्टरने, म्हणजे वायरभोवती जबडा बसवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, कळतो आणि त्याच्या टोकांवरचा दाब मल्टिमीटरने कळतो. पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे गणित एका ओळीचे आहे :

धारिता (मायक्रोफॅरडमध्ये) = ३१८३ × प्रवाह (अँपिअरमध्ये) ÷ दाब (व्होल्टमध्ये)

३१८३ हा आकडा १० लाखांना २ × पाय × ५० ने भागून येतो. परदेशी व्हिडिओत याच जागी २६५२ हा आकडा सांगतात. तो ६० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी आहे. आपल्याकडे वापरला तर चांगल्या कंडेन्सरची धारिता सहाव्या भागाने कमी निघते आणि तो उगाच बदलला जातो.

कृती अशी करावी. पेटीचा मेन स्विच बंद करावा, तपासणी-दिव्याने किंवा मीटरने पुरवठा खरोखर तुटल्याची खात्री करावी आणि कंडेन्सर वर सांगितल्याप्रमाणे रिकामा करावा. मग टाँग टेस्टरचा जबडा कंडेन्सरकडे जाणाऱ्या एकाच वायरभोवती बसवावा. मुख्य वायर किंवा दोन वायरी एकत्र धरल्या तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. मल्टिमीटर एसी ६०० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून त्याच्या मगरचिमट्यांच्या टोकांनी कंडेन्सरची दोन टोके पकडावीत. मीटर आणि त्याच्या वायरी किमान कॅट ३ या सुरक्षा-श्रेणीच्या, ६०० व्होल्टच्या असाव्यात. सगळे लावून झाल्यावर हात बाजूला घ्यावेत, कोरड्या फळीवर किंवा रबरी चटईवर उभे राहावे आणि मग पंप सुरू करावा. पंप चालू असताना प्रोब हातात धरून टोके शोधत बसणे, तेही पाटाच्या ओल्या कडेला, हा जिवाशी खेळ आहे. पंप सुरू झाल्यावर अर्धा मिनिट थांबून दोन्ही आकडे एकाच वेळी लिहून घ्यावेत.

उदाहरणार्थ, कंडेन्सरवर ३६ मायक्रोफॅरड छापले आहे आणि त्याच्या टोकांवर ३२० व्होल्ट मिळाले. प्रवाह ३.६२ अँपिअर यायला हवा. प्रत्यक्षात टाँग टेस्टरने २.९ दाखवले, तर धारिता ३१८३ × २.९ ÷ ३२०, म्हणजे सुमारे २८.८ मायक्रोफॅरड निघते. पाचव्या भागाची घट झाली. हा कंडेन्सर बदलावा. पुरवठा २३० व्होल्टचा असताना कंडेन्सरवर ३२० व्होल्ट कसे, असे नवख्याला वाटते. मोटरच्या सहायक वेटोळ्यामुळे कंडेन्सरवरचा दाब पुरवठ्यापेक्षा जास्त असतो, आणि म्हणूनच त्यावर ४४० व्होल्टची क्षमता छापलेली असते. दाब न मोजता २३० धरून गणित केले, तर धारिता फसवी मोठी निघते. ही चूक मी अनुभवी माणसांच्याही हातून होताना पाहिली आहे.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की पुरवठ्याचा दाब पडलेला असला तरी उत्तर बिघडत नाही. रात्रीच्या पाळीत १८० व्होल्ट मिळत असतील, तर प्रवाहही त्याच प्रमाणात घटलेला असतो आणि भागाकार तोच राहतो. वारंवारतेचे मात्र तसे नाही. पंप जनरेटरवर चालू असेल आणि इंजिन ४८ हर्ट्झवर रेंगाळत असेल, तर धारिता ४ टक्क्यांनी कमी निघते. मीटरवर हर्ट्झची पट्टी असेल तर आधी ती पाहून घ्यावी.

अचूकतेबद्दल अवाजवी अपेक्षा ठेवू नये. साधा टाँग टेस्टर दोन-अडीच टक्के इकडेतिकडे करतो, व्होल्टमीटर एखादा टक्का. वायर जबड्याच्या मध्यभागी असावी आणि जबडा पूर्ण मिटलेला असावा. प्रवाह फार लहान असेल, जसे छताच्या पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये असतो, तर वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्यावेत आणि आकड्याला दहाने भागावे. रन कंडेन्सरची छापील सवलत साधारण ५ टक्के असते. मी स्वतः १० टक्क्यांहून अधिक घट दिसल्याशिवाय शेतकऱ्याला खर्चात पाडत नाही. धातूचा थर दिलेल्या फिल्मचे हे कंडेन्सर स्वतःची जखम स्वतः भरून काढतात. दाबाच्या प्रत्येक उसळीत फिल्मला छिद्र पडले, की भोवतालचा धातू जळून बाजूला होतो, शॉर्ट टळतो आणि थोडी धारिता कमी होते. म्हणून हे कंडेन्सर सहसा एकदम मरत नाहीत, झिजत जातात. त्यांची धारिता वाढत मात्र नाही. हिशेबात ती छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त निघाली, तर दुसऱ्याच धारितेचा कंडेन्सर बसवला आहे, मोजणीत चूक आहे, किंवा पुरवठ्याची लहर बिघडलेली आहे.

पेटीतील दुसरा, काळ्या डब्यातला स्टार्ट कंडेन्सर या पद्धतीने मोजता येत नाही. तो क्षण-दोन क्षणांपुरता सर्किटमध्ये येतो आणि बाहेर पडतो. तेवढ्यात टाँग टेस्टरचा आकडा स्थिर होत नाही. तो रिकामा करून, एक वायर सोडवून मीटरनेच मोजावा.

कारखान्यातील पॉवर फॅक्टरचे कंडेन्सर

मोटरांमुळे वाढलेला निष्फळ प्रवाह कमी करून पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कारखान्यात हे कंडेन्सर लावतात. येथे तीन फेजचा हिशेब येतो. ५ केव्हीएआर (अशा कंडेन्सरच्या क्षमतेचे एकक), ४४० व्होल्ट छापलेल्या युनिटमध्ये डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, जोडणीने तीन कंडेन्सर असतात आणि प्रत्येकाची धारिता २७.४ मायक्रोफॅरड असते. ४४० व्होल्टला ते प्रत्येक फेजमधून ६.५६ अँपिअर घेते. कारखान्यात ४१५ व्होल्ट मिळत असतील, तर ६.१९ अँपिअर अपेक्षित आहे. तीनही वायरींवर टाँग टेस्टर फिरवला आणि तिन्हीकडे सारखीच घट दिसली, तर युनिट एकसारखे झिजले आहे. एका वायरमध्ये पूर्ण ६.१९ आणि उरलेल्या दोन्हींत ३.६ च्या आसपास आले, तर आतील तीनपैकी एक कंडेन्सर उघडा पडला आहे, म्हणजे त्याचा जोड तुटला आहे. डेल्टाच्या गणितात त्या दोन वायरींचा प्रवाह ५८ टक्क्यांवर येतो. या आकड्यांची ओळख पटली, की झाकण न उघडता निदान होते.

वीज बंद करून हेच युनिट मीटरने मोजायचे असेल, तर दोन टर्मिनलांमध्ये २७.४ येत नाही, त्याच्या दीडपट म्हणजे ४१.१ येते, कारण एक कंडेन्सर थेट आणि उरलेले दोन एकसर होऊन त्याला समांतर पडतात. हे ठाऊक नसलेला माणूस चांगल्या युनिटवर संशय घेतो. आत डिस्चार्ज रेझिस्टर असतो हे खरे, पण तो तुटलेला असू शकतो. तीन मिनिटे थांबावे आणि तरीही दाब तपासावा.

ज्या कारखान्यात व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे, अनेक आहेत तिथे या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. व्हीएफडीमुळे पुरवठ्यात वरच्या वारंवारतेच्या लहरी मिसळतात, त्या कंडेन्सरमधून सहज वाहतात आणि प्रवाह फुगतो. झिजलेला कंडेन्सर त्यामुळे धडधाकट दिसतो. ट्रू आरएमएस टाँग टेस्टर प्रवाहाचे खरे माप सांगतो. त्यातले ५० हर्ट्झचे किती, हे तो वेगळे करून सांगत नाही. व्हीएफडी बंद असताना, सुटीच्या दिवशी, मोजता आले तर उत्तम. व्हीएफडीच्या आतील डीसी बसवर ५८० व्होल्टच्या आसपास दाब असतो. तिथली मोजणी या लेखाच्या कक्षेत येत नाही आणि ती एकट्याने करू नये.

डीसी पुरवठ्याच्या लहरीवरून धारिता

सीएनसी मशीनमधील ट्रान्सफॉर्मर, डायोडचा पूल आणि मोठा कंडेन्सर असा जुन्या धाटणीचा २४ व्होल्टचा पुरवठा घेऊ. तिथे कंडेन्सर दर १० मिलिसेकंदांनी भरतो आणि मधल्या काळात लोडला प्रवाह पुरवत रिकामा होत जातो. ऑसिलोस्कोप (दाबाची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) एसी कपलिंगवर, म्हणजे स्थिर डीसी भाग वगळून, ठेवून पाहिले, की करवतीच्या दातांसारखी लहर दिसते. दाताच्या टोकापासून खालच्या बिंदूपर्यंत किती वेळ लागला आणि दाब किती व्होल्टने उतरला, ते वाचावे. लोडचा प्रवाह वेगळा मोजावा. प्रवाह गुणिले वेळ भागिले दाबातील घट, म्हणजे धारिता. ४७०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर १ अँपिअरचा लोड असेल आणि उतरण ८ मिलिसेकंदांची असेल, तर लहर १.७ व्होल्टची दिसावी. ती ३.४ व्होल्टची दिसली, तर धारिता निम्म्यावर आली आहे. पुढे लिनिअर रेग्युलेटर असेल तर लोडचा प्रवाह स्थिर राहतो आणि हिशेब चांगला जुळतो; स्विचिंग रेग्युलेटर मात्र दाब उतरताना अधिक प्रवाह ओढतो, म्हणून तिथे उत्तर अंदाजाचे समजावे.

स्कोप नसेल तर मल्टिमीटरच्या एसी पट्टीवर मिळालेल्या आकड्याला साडेतीनने गुणावे. करवतीच्या लहरीची टोकापासून तळापर्यंतची उंची जवळपास तेवढी येते. १.७ व्होल्टच्या लहरीला एसी पट्टी सुमारे ०.४९ दाखवील. स्कोपची अर्थ क्लिप ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूच्या ग्राउंडलाच लावावी. एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पुरवठ्याच्या) मेनकडच्या बाजूला ती लावली, तर क्लिपवाटे सरळ शॉर्ट होतो आणि स्कोपसह बोर्डही जातो.

सिरॅमिकबद्दल थोडेसे सांगायला हवे. एक्स५आर, एक्स७आर प्रकारच्या छोट्या सिरॅमिकची धारिता त्यावर डीसी दाब चढला की घटते. लहान आकाराचा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आपल्या छापील दाबाजवळ निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. मीटरने टेबलावर दाखवलेले १० आणि सर्किटला प्रत्यक्ष मिळणारे ४ हे दोन्ही एकाच वेळी खरे असतात. अशा ठिकाणी कंडेन्सर खराब आहे असे म्हणण्यापूर्वी उत्पादकाच्या माहितीपत्रकातील दाब आणि धारितेचा आलेख पाहावा. एनपीओ प्रकारात हा दोष जवळपास नसतो.

पंपाच्या पेटीवर मोजणी केली असेल, तर निघण्यापूर्वी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : कंडेन्सरचा छापील आकडा, त्यावरचा दाब, त्यातला प्रवाह, निघालेली धारिता आणि तारीख. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पंपावर तीच मोजणी पुन्हा केली, की मीटरची स्वतःची दोन टक्क्यांची चूक दोन्ही वेळा सारखीच राहते आणि उरलेला फरक कंडेन्सरचा आहे, असे खात्रीने सांगता येते.